पिवळा दिवा आणि टाकीमागची तार

नवऱ्याची बदली नागपूरला झाली आणि घरात पहिला वाद झाला तो गाडीवरून. तो सरकारी बँकेत अधिकारी, त्यामुळे बदल्या आमच्या अंगवळणी पडलेल्या. खोकी कुठली जपून ठेवायची, कपाट कोणत्या बाजूने दारातून बाहेर निघतं, हे सगळं आम्हाला पाठ. पण गाडी या घरात प्रथमच आली होती आणि ती माझी होती. माझ्या पगारातून घेतलेली. मी ती कोलकात्यातच शिकले, चाळिशी उलटल्यावर. बालीगंजहून न्यू टाउनच्या ऑफिसला रोज घेऊन जायचे. गरियाहाटच्या चौकात गाडी बंद पडून मागच्या बसवाल्याची बोलणी खाल्लेली, ते दिवस मागे टाकून मी आता बऱ्यापैकी गाडी चालवत होते. ती स्वतः चालवत नागपूरला न्यायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

नवरा म्हणाला, दिवा पेटलेली गाडी घेऊन एवढा लांबचा रस्ता मी धरणार नाही. इथेच विकून टाकू, तिकडे नवी बघू.

दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. सप्टेंबरात आमच्या गल्लीत दोन-तीनदा पाणी साचलं होतं, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी तो लागला. गाडी तशी छान चालायची. आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही. ऑफिसातल्या एकाने सल्ला दिला की त्याच्यावर काळी टेप चिकटवा आणि विसरून जा. मला ते पटेना. एक दिवा कायमचा पेटलेला राहिला, तर उद्या खरंच काही मोठं बिघडलं तर कळणार कसं?

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. तिथला सुपरवायझर शांत स्वभावाचा, मध्यमवयीन बंगाली गृहस्थ. त्याने गाडीला यंत्र जोडलं आणि मला नीट समजावून सांगितलं. पेट्रोलच्या टाकीत वाफ तयार होते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या एका डब्यात साठवतात आणि मग इंजिन ती ओढून जाळून टाकतं. त्या डब्याला बाहेरची हवा घ्यायला एक वाट असते, आणि त्या वाटेवर विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह. एरवी तो उघडा असतो. गाडीचा कॉम्प्युटर अधूनमधून तो बंद करून बघतो की टाकी कुठे गळत तर नाही. यंत्र सांगत होतं की या व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये दोष आहे.

त्याने व्हॉल्व्ह बदलला. दिवा गेला. दोन-चार दिवसांनी मी ऑफिसमधून निघत होते, किल्ली फिरवली, आणि तो परत हजर.

दुसऱ्या वेळी सुपरवायझरने गाडी दिवसभर ठेवून घेतली. संध्याकाळी तो जरा ओशाळूनच म्हणाला की व्हॉल्व्ह नवा आहे, व्हॉल्व्हपर्यंत वीज पोचते आहे, ती त्याने स्वतः मीटर लावून पाहिली आहे. म्हणजे उरला तो कॉम्प्युटर. तो मागवावा लागेल आणि यायला किती आठवडे लागतील ते सांगता येत नाही. आमची निघायची तारीख तर जवळ येत चालली होती.

त्या संध्याकाळी जेवताना मी हे सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, बघ, मी म्हटलंच होतं. सासरे मान खाली घालून भात कालवत होते. ते म्हणाले, "मीटर लावून पाहिली म्हणजे कशी पाहिली?"

आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे बघितलं. जेवताना ते आपणहून काही बोलायचेच नाहीत.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. गावी त्यांना चौकात चार माणसं भेटायची. इथे बाल्कनीत बसून ते खालचा रस्ता बघत राहायचे. बंगाली त्यांना येत नव्हतं आणि हिंदी बोलायची लाज वाटायची. समोरच्या फ्लॅटमधले आजोबा त्यांना संध्याकाळी फिरायला बोलवायचे, तर हे हसून हात जोडायचे आणि दार लोटून घ्यायचे. पेपर उघडा, चहा निवलेला, असं मी किती वेळा पाहिलं असेल. आम्ही त्यांना डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनीअर, पण ती डिग्रीच्या कागदावर. सांगलीच्या कॉलेजातून बाहेर पडले ती सॉफ्टवेअरमध्ये गेले, आणि पुढे माणसांच्या मीटिंगा घ्यायला लागले. मीटर हातात धरून मला वीस वर्षं तरी झाली होती. पण बाबांच्या त्या प्रश्नाने काहीतरी हललं. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि आमच्या गाडीचं वायरिंग शोधून काढलं. बाबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. चित्र सोपं होतं. पुढच्या फ्यूजपासून एक तार गाडीच्या पोटातून मागे टाकीपर्यंत जाते आणि व्हॉल्व्हला वीज देते. व्हॉल्व्हमधून दुसरी तार परत कॉम्प्युटरकडे जाते. कॉम्प्युटर ती अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जोडतो, की सर्किट पुरं होतं आणि व्हॉल्व्ह मिटतो. बस्स, एवढंच. आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचं सर्किट याहून किचकट असेल.

"हे आपल्याला बघता येईल," मी म्हणाले.

बाबा म्हणाले, "मीटर पाहिजे."

शनिवारी आम्ही दोघं मेट्रोने चांदनीला गेलो. तिथल्या गल्ल्यांत विजेचं जे काही जगात बनतं ते सगळं मिळतं. बाबा तिथे पहिल्यांदाच आले होते. पहिल्या दुकानापाशी ते माझ्या मागे उभे राहिले. तिसऱ्या दुकानात ते माझ्या पुढे होते, आणि एका मीटरच्या पिना उलटसुलट करून बघत दुकानदाराला हिंदीत सांगत होते की याची वायर कडक आहे, दुसरा दाखवा. दुकानदार बंगालीत उत्तर देत होता. दोघांचं छान चाललं होतं. मी मधे पडले नाही. मीटर, गाडीच्या नंबरप्लेटला लावतात तसला छोटा बल्ब, त्याचा होल्डर, चिमटे, लांब वायर आणि दाबून बसवायचे जोड, असं सगळं घेऊन आम्ही बाहेर पडलो. जोडांवरून आमचं थोडं वाजलं. बाबांचा हात सोल्डरवर बसलेला. मी म्हटलं, पेट्रोलच्या टाकीशेजारी तापलेली काडी मी आणू देणार नाही. ते थोडं चालले आणि म्हणाले की बरोबर आहे.

रविवारी सकाळी नाश्ता उरकून आम्ही खाली पार्किंगमध्ये उतरलो. गाडीचा मागचा भाग जॅकने उचलला, खाली भक्कम आधार लावले, टाकीचं झाकण घट्ट असल्याची खात्री केली. बाबांनी जिन्यातला आग विझवायचा सिलिंडर उतरवून जवळ आणून ठेवला. नवऱ्याने वरून बाल्कनीतून एकदा पाहिलं आणि आत गेला. मी जुना सलवार-कमीज घालून चटईवर उताणी झाले आणि गाडीखाली सरकले.

व्हॉल्व्ह सापडायला वेळ लागला नाही. नवा असल्यामुळे तो त्या चिखलाळलेल्या भागात एकटाच चकचकीत दिसत होता. त्याचा जोड सोडवला. किल्ली चालू करायला बाबांना सांगितलं आणि मीटरच्या पिना लावल्या. मीटर म्हणाला, बॅटरीएवढी, म्हणजे बारा व्होल्ट वीज आहे. अगदी सुपरवायझरने सांगितलं होतं तसंच.

मी तिथेच पडून राहिले. माझा उत्साह गळून गेला. एवढा खटाटोप करून आपण त्याच दारात येऊन उभं राहिलो, असं वाटलं. त्या माणसाने काम नीटच केलं होतं. आता कॉम्प्युटरच मागवायचा.

पाठीला सिमेंटचा गारवा लागत होता. मला कॉलेजातल्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट आठवली. आमचे सर आम्हाला बॅटरीची खरी ताकद मोजायला शिकवायचे. रिकाम्या बॅटरीवरही मीटर पूर्ण आकडा दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काही ओढतच नाही. तिच्याकडून काम करून घ्या, मग बघा, असं ते म्हणायचे. मीटरने विचारलं तर तार हो म्हणते आहे. पण तिच्यावर ओझं कोणी टाकलंच नव्हतं.

मी गाडीखालूनच बाबांना म्हणाले, "बल्ब द्या."

ते गुडघ्यावर वाकले आणि बल्ब माझ्या हातात दिला. मी एक चिमटा त्या वीज आणणाऱ्या तारेला लावला, दुसरा गाडीच्या लोखंडाला. बल्ब पेटला नाही. नीट बघितलं तर आतली तार विझत आलेल्या उदबत्तीसारखी लालसर दिसत होती, तेवढीच. मीटर शेजारी लावला. मघाचा बारा आता जेमतेम एकावर आला होता.

इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. मी हसायलाच लागले. बाबांना वाटलं की मला काही लागलं.

"बाबा, तारच खराब आहे. कॉम्प्युटर चांगला आहे, व्हॉल्व्ह चांगला आहे. वीज आहे, पण ती येऊ शकत नाही."

त्यांनी ओणवं होऊन बल्बकडे बघितलं आणि मग मीटरकडे. "आता लाइन अर्धी कर," ते म्हणाले.

टेलिफोनच्या तारा मैलोन्मैल जायच्या. दोष कुठे आहे हे शोधायला ते खांबामागून खांब तपासत बसायचे नाहीत. मधोमध जाऊन बघायचे. तिथपर्यंत ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. मग त्याचा पुन्हा अर्धा. हे त्यांनी मला तिथे पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगितलं, हातवारे करत, आणि त्यांचा आवाज मला वरच्या मजल्यावर ऐकू जाईल इतका मोठा वाटला. पुढच्या फ्यूजपासून मागच्या टाकीपर्यंतच्या आमच्या तारेला मधे एकच थांबा होता, मागच्या सीटखालचा एक जोड. आम्ही सीट उचलली. तिथे बल्ब लावला तर तो लख्ख पेटला. भर उन्हातही डोळ्यांना जाणवला.

म्हणजे दोष सीटखालून टाकीपर्यंतच्या तुकड्यात. हात-दीड हात तार. मी परत खाली गेले आणि तो तुकडा डोळे फाडून बघितला. काळी टेप गुंडाळलेली, कुठे कापलेली नाही, उंदराने कुरतडलेली नाही. दिसायला एकदम निरोगी. माझ्याकडे बघून तिने फसवायचं ठरवलं असावं, असं मला वाटायला लागलं होतं.

बाबांनी दरवानाच्या खोलीतून स्टूल आणलं आणि गाडीच्या मागे मांडलं. बल्बचा चिमटा मी व्हॉल्व्हच्या टोकाला लावला आणि बल्ब लांब वायरीने त्यांच्या हातात दिला. ते बल्बकडे बघणार, मी तार बोटांनी दाबत जाणार. इंच इंच. मला फक्त टेप दिसत होती आणि बाबांच्या चपला.

"काही नाही," ते म्हणत. "काही नाही. पुढे जा."

तार एके ठिकाणी पत्र्याच्या क्लिपमध्ये अडकवलेली होती. मी तिथे अंगठा दाबला.

"थांब," बाबा म्हणाले. "परत तिथेच."

मी परत दाबलं.

"पेटला," ते म्हणाले, आणि क्षणभराने, "सोड बघू." मी सोडलं. "गेला. दाब." मी दाबलं. "आला. तिथेच आहे. हात हलवू नकोस."

हात हलवायची माझी तयारीच नव्हती. मी तशीच अंगठा दाबून पडून राहिले आणि ते वरून मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आला, गेला, आला. त्या खेळात आम्हाला दोघांनाही मजा यायला लागली होती. दरवान येऊन उभा राहिला. तो मला बौदी, म्हणजे वहिनी म्हणायचा. त्याने विचारलं, बौदी, काय सापडलं? उत्तर बाबांनीच दिलं, त्यांच्या त्या लाजऱ्या हिंदीत, आणि सविस्तर दिलं.

बॅटरीची तार सोडवून मग टेप कापली. क्लिपच्या कडेने तारेचं प्लॅस्टिक दाबून चिरलं होतं. चीर इतकी बारीक की नखानेच कळावी. गल्लीत साचलेलं पाणी तिथून आत गेलं असणार. आतलं तांबं हिरवं पडलं होतं आणि बोट लावल्यावर त्याची पूड झाली. केसासारखी एक तार तेवढी शाबूत होती. मीटरला हो म्हणायला तिला तेवढं पुरेसं होतं, व्हॉल्व्हला खेचायला नव्हतं.

खराब तुकडा कापून टाकला, नवी तार घातली, दोन्हीकडचे जोड दाबून बसवले, वर पाणी जाणार नाही अशी टेप गुंडाळली आणि क्लिपला रबर लावून तार जरा बाजूने फिरवली. शेवटचा जोड बाबांनी दाबला. त्यांना तो दाबायचा होता हे मला त्यांच्या हाताकडे बघून कळलं, म्हणून मी तो बाहेर ओढून त्यांच्यापर्यंत आणला. मग बॅटरी जोडून परत बल्ब लावला. टाकीच्या टोकालाही तो आता सीटखाली पेटला होता तसाच पेटला.

फोनला जोडायचं एक छोटं यंत्र मी मागवून ठेवलं होतं. त्याने जुना दोष पुसला. दिवा विझला. पण तो याआधीही विझला होता, म्हणून मी नवऱ्याला एवढ्यात काही सांगितलं नाही. गाडीने स्वतःची परीक्षा स्वतः घेऊन पास व्हायला पाहिजे, आणि ही परीक्षा ती मनाला येईल तेव्हा घेत नाही. इंजिन थंड पाहिजे, टाकी ना भरलेली ना रिकामी, रस्ता सलग पाहिजे. बालीगंजच्या रस्त्यांवर सलग काही मिळत नाही. पुढचे काही दिवस मी ऑफिसला जाऊन येऊन फोनवर बघायचे तर तिथे लिहिलेलं असायचं की चाचणी अपुरी.

मग एका सुट्टीच्या सकाळी मी बाबांना म्हटलं, चला. उजाडल्यावर लगेच निघालो. न्यू टाउनचे रुंद रस्ते त्या वेळी मोकळे असतात. मी एका वेगात गाडी ठेवली. बाबा शेजारी फोन हातात धरून बसले होते, मघापासून तो एकदाही खाली ठेवला नव्हता. आम्ही तिथल्या तलावाला वळसा घालून परत फिरलो, पुन्हा तोच रस्ता धरला. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

"हे बघ काय लिहिलंय," बाबा म्हणाले. त्यांना इंग्रजी चांगलं वाचता यायचं. त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी गाडी कडेला घेतली. सगळ्या चाचण्या पूर्ण. दोष एकही नाही.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात ठेवला होता, त्यानंतर कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. मग आम्ही एका टपरीवर कचोरी आणि बटाट्याची भाजी खाल्ली. बाबांनी आणखी एक मागून घेतली, आणि ती मागितली चक्क बंगालीत, शब्द थोडा वाकडा झाला तरी.

सर्व्हिस सेंटरला मी फोन केला तो तक्रार म्हणून नाही. कॉम्प्युटर मागवू नका, एवढंच सांगायचं होतं. सुपरवायझरने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की येऊन बघितलं तर चालेल का. तो खरोखरच रविवारी आला. गाडीखाली सरकून त्याने ती क्लिप बघितली, फोटो काढला आणि बाबांशी बराच वेळ बोलत बसला. पाणी साचलेल्या भागातून त्याच्याकडे आणखीही गाड्या याच तक्रारीने आल्या होत्या. काही दिवसांनी त्याने मला कळवलं की दुसऱ्या एका गाडीत त्याच जागी तशीच तार सापडली, बल्ब लावूनच. त्याने फोनवर माझे आभार मानले, आणि बाबांना नमस्कार सांगितला.

नवऱ्याने गाडी विकायचा विषय पुन्हा काढला नाही. सामान ट्रकने पुढे गेलं आणि आम्ही तिघं गाडीने निघालो. नवरा मागे झोपला, कारण पुढची सीट बाबांनी आधीच धरली होती. समोरच्या फ्लॅटमधले आजोबा निरोप द्यायला फाटकापर्यंत आले होते. हुगळीवरचा पूल ओलांडला आणि हायवे लागला तशी मी गाडी मोकळी सोडली. इतका लांब रस्ता मी आयुष्यात कधी चालवला नव्हता. दुपारी झारखंडमधल्या एका ढाब्यावर थांबलो. ढाबेवाल्याने कोलकात्याची नंबरप्लेट बघून विचारलं, एवढ्या लांब निघालात, गाडी नीट आहे ना?

नवरा तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "बहू ने खुद ठीक किया है." आणि मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.